आयसीयूत हेपॅरिन किती द्यायचं? कोविडमधल्या गुठळ्यांचं एक प्रकरण

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये युरोपातल्या अतिदक्षता विभागांमध्ये डॉक्टर एका गोष्टीने चक्रावून गेले होते. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिनचं रोजचं ठरलेलं इंजेक्शन चालू होतं, तरीही कोविडच्या रुग्णांचं रक्त गोठत होतं. फ्रान्समधल्या चार आयसीयूंमधल्या १५० रुग्णांची नोंद त्या वेळी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या २५ जणांच्या फुप्फुसाच्या धमनीत गुठळी सापडली. सतत चालणाऱ्या डायलिसिसवर २९ रुग्ण होते आणि त्यांतल्या २८ जणांचं रक्त यंत्राच्या नळ्यांमध्ये गोठून डायलिसिस मध्येच थांबत होतं. नेदरलँड्समधल्या तीन रुग्णालयांनी १८४ रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा गुठळीशी संबंधित गुंतागुंतीचं प्रमाण ३१ टक्के निघालं. हे सगळे रुग्ण निदान प्रतिबंधक मात्रेवर तरी होते.

आयसीयूत पडून असलेल्या कुठल्याही रुग्णाला गुठळीचा धोका असतो, ते नवीन नव्हतं. पण एवढं प्रमाण, तेही औषध चालू असताना, अनपेक्षित होतं. त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो एका ओळीत मावतो: अत्यवस्थ कोविड रुग्णाला हेपॅरिन प्रतिबंधाच्या मात्रेत द्यायचं की उपचाराच्या?

या दोन मात्रांमधलं अंतर लहान नाही. एनॉक्सापॅरिन हे पोटावर टोचायचं हेपॅरिन घेऊ. गुठळी होऊ नये म्हणून ते साधारणपणे दिवसातून एकदा ४० मिलिग्रॅम देतात. गुठळी झालेली असेल तर वजनाच्या दर किलोला १ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. म्हणजे ७० किलोच्या माणसाला दिवसाला १४० मिलिग्रॅम, साडेतीनपट. एवढ्या मात्रेवर असलेल्या रुग्णाच्या मेंदूत किंवा आतड्यात रक्तस्राव झाला, तर तो सहजासहजी थांबत नाही. व्हेंटिलेटरवरच्या, किडन्या मंदावलेल्या, नळ्यांनी वेढलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर ही भीती फार खरी असते.

रक्त एवढं का गोठत होतं, हे आधी पाहू.

जर्मन रोगनिदानतज्ज्ञ रुडॉल्फ फिर्को यांच्या नावाने ओळखलं जाणारं गुठळीचं त्रिकूट वैद्यकीचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो: रक्ताचा प्रवाह मंदावणं, रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला इजा होणं आणि रक्तातच गोठण्याची ओढ वाढणं. गंभीर कोविडमध्ये ही तिन्ही कारणं एकाच वेळी हजर होती. रुग्ण दिवसचे दिवस हलत नव्हता, बऱ्याचदा गुंगीत आणि पालथा झोपवलेला. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येत होती. झुरिकच्या डॉक्टरांनी या अस्तराच्या पेशींमध्ये विषाणूसारखे कण आणि दाह दिसल्याचं एप्रिल २०२० मध्येच नोंदवलं होतं. असं दुखावलेलं अस्तर फॉन विलेब्रांट फॅक्टर नावाचं प्रथिन मोठ्या प्रमाणात सोडतं, आणि त्यावर प्लेटलेट चिकटतात. दाहामुळे यकृत फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते प्रथिन, जास्त बनवतं. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूला पकडायला स्वतःच्याच डीएनएचे धागे बाहेर टाकतात, आणि त्या धाग्यांवरही रक्त गोठतं. वर, तयार झालेली गुठळी विरघळवण्याची शरीराची यंत्रणा दाबली जाते, ते निराळंच.

महाराष्ट्रातल्या वाचकाला विषाणूजन्य ताप म्हटला की डेंगी आणि प्लेटलेट आठवतात. तिथे भीती रक्तस्रावाची असते. पेशी घसरतात, रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरतं. कोविडमध्ये चित्र जवळजवळ उलटं होतं. प्लेटलेट बहुतेकांच्या बऱ्यापैकी टिकून होत्या, फायब्रिनोजेन वाढलेलं होतं, आणि गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्यांचे आकडे थोडेसेच लांबलेले असत. जंतुसंसर्ग रक्तभर पसरल्यावर जी डीआयसी, म्हणजे शरीरभर बेसुमार रक्त गोठण्याची अवस्था, होते, तीत प्लेटलेट आणि गोठवणारे घटक खर्ची पडून रक्तस्राव सुरू होतो. कोविडमध्ये तो टप्पा आला तर फार उशिरा, शेवटाकडे.

शवविच्छेदनांनी उरलासुरला संशय मिटवला. हॅम्बुर्गमध्ये कोविडने दगावलेल्या पहिल्या १२ जणांची तपासणी झाली. ७ जणांच्या पायांच्या शिरांत गुठळ्या होत्या आणि त्या जिवंतपणी कोणाच्या लक्षात आल्या नव्हत्या. ४ जणांचा मृत्यू थेट फुप्फुसात गेलेल्या गुठळीने झाला होता. दुसऱ्या एका अभ्यासात कोविडच्या ७ आणि एच१एन१ फ्लूच्या ७ मृतांची फुप्फुसं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांमधल्या बारीक गुठळ्या कोविडमध्ये ९ पट होत्या.

इतकं समोर असताना मात्रा वाढवावीशी वाटणं स्वाभाविक होतं. तसं ज्यांना वाटलं त्या डॉक्टरांना उतावीळ ठरवणं मला मान्य नाही. समोर माणसं मरत होती, कारण दिसत होतं, आणि त्या कारणावरचं औषध कपाटात होतं.

त्यात भर पडली डी-डायमरची. गुठळीतल्या फायब्रिनचे धागे शरीर तोडतं, तेव्हा उरणारे तुकडे म्हणजे डी-डायमर. वुहानच्या १८३ रुग्णांच्या अभ्यासात दगावलेल्यांचा डी-डायमर वाचलेल्यांपेक्षा बराच जास्त होता आणि दगावलेल्यांपैकी ७१.४ टक्के डीआयसीच्या निकषांत बसत होते. वाचलेल्यांमध्ये हेच प्रमाण ०.६ टक्के. १९१ रुग्णांच्या आणखी एका चिनी अभ्यासात, दाखल होताना डी-डायमर दर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमच्या वर असणं हे मृत्यूशी घट्ट जोडलेलं दिसलं. बघता बघता हा आकडा जगभर पोहोचला. आपल्याकडे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तर घरी विलगीकरणात असलेल्यांचेही डी-डायमर काढले जात होते आणि रिपोर्टचे फोटो नातेवाईकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत होते. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून लोक घाबरत होते. मोजण्याची एककं दोन आहेत आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येतो, हे बहुतेकांना कोणी सांगितलं नव्हतं. डी-डायमर वय वाढलं की वाढतो. गरोदरपणात, शस्त्रक्रियेनंतर, किडनीच्या आजारात, कुठल्याही मोठ्या दाहात वाढतो. आजार किती जड आहे ते तो सांगतो. हेपॅरिन किती टोचायचं ते त्याला सांगता येत नाही. पण २०२० मध्ये अनेक ठिकाणी मात्रा त्याच आकड्यावर ठरत होती.

मे २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयसमूहाने २,७७३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या ७८६ जणांना उपचाराच्या मात्रेत रक्त पातळ करणारं औषध मिळालं होतं. व्हेंटिलेटरवरच्या ३९५ रुग्णांमध्ये औषध मिळालेल्यांपैकी २९.१ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी ६२.७ टक्के. हे आकडे वाचल्यावर मात्रा न वाढवणं जवळपास गुन्हा वाटावा असे आहेत. त्यांचा परिणामही तसाच झाला.

त्याच अहवालात सगळ्या रुग्णांचा एकत्रित आकडाही होता: औषध मिळालेल्यांचे मृत्यू २२.५ टक्के, न मिळालेल्यांचे २२.८. म्हणजे फरक जवळपास शून्य. चर्चा मात्र व्हेंटिलेटरच्या आकड्याचीच झाली.

या आकड्यात एक जुना सापळा आहे आणि प्रकरणाचा गाभा तिथेच असल्याने त्यावर थोडं थांबायला हवं. रुग्ण सोमवारी दाखल झाला आणि उपचाराची मात्रा शुक्रवारी सुरू झाली, असं धरू. मग तो शुक्रवारपर्यंत जगला होता, हे उघडच आहे. जो बुधवारी दगावला त्याला शुक्रवारचं औषध मिळणं शक्यच नव्हतं. तो ‘औषध न मिळालेल्या’ गटात मोजला गेला. अशा रीतीने लवकर होणारे मृत्यू आपोआप एका बाजूला साचतात आणि औषधाच्या बाजूला जगण्याचं श्रेय फुकट जमा होतं. शिवाय ज्याला रक्तस्रावाचा धोका जास्त, ज्याची तब्येत अगदीच तोळामासा, त्याला डॉक्टर मुळातच मोठी मात्रा देत नाहीत. गणिती दुरुस्त्या करून हा दोष थोडा कमी होतो, जात नाही. अभ्यास करणाऱ्यांनीही नियंत्रित चाचण्या हव्यात, असंच म्हटलं होतं. वुहानच्या ४४९ गंभीर रुग्णांच्या नोंदीचंही असंच. हेपॅरिन मिळालेले आणि न मिळालेले, दोघांचे २८ दिवसांतले मृत्यू सारखेच, ३० टक्क्यांच्या आसपास. फक्त डी-डायमर सहापटींपेक्षा वाढलेल्यांमध्ये फरक दिसला, ३२.८ विरुद्ध ५२.४ टक्के. आशा तेवढ्यावर उभी होती.

त्या काळात जे चांगलं घडलं ते इथे घडलं. हा एकच प्रश्न घेऊन तीन मोठ्या चाचण्या स्वतंत्रपणे निघाल्या होत्या: रिमॅप-कॅप, अॅक्टिव्ह-४ए आणि अटॅक. रिमॅप-कॅपचा सांगाडा न्यूमोनियासाठी महामारीच्या आधीच उभा होता आणि साथ आली तर काय करायचं याची सोय त्यात आधीपासून होती. आपापली पताका घेऊन वेगळं चालण्यापेक्षा तिघांनी कार्यपद्धती जुळवून घेतली आणि आकडे एकत्र तपासायचं ठरवलं. १० देशांतली ३९३ केंद्रं त्यात होती. रुग्णांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागायचं, एकाला उपचाराची मात्रा, दुसऱ्याला त्या त्या रुग्णालयाची नेहमीची प्रतिबंधक मात्रा. आणि सुरुवातीपासूनच रुग्ण दोन टप्प्यांत वेगळे मोजायचे: हाय फ्लो (नाकावाटे जोराने दिला जाणारा) ऑक्सिजन, व्हेंटिलेटर किंवा रक्तदाब टिकवणारी औषधं लागणारे अत्यवस्थ, आणि वॉर्डात असलेले, अजून तिथवर न पोहोचलेले. ही विभागणी आधीच केली नसती तर खरं उत्तर कधीच हाती लागलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

यशाचं मोजमाप होतं २१ दिवसांपैकी अवयवांना यंत्राचा किंवा औषधाचा आधार न लागता रुग्णाने काढलेले दिवस. रुग्णालयातला मृत्यू सर्वांत खालच्या पायरीवर धरायचा.

डिसेंबर २०२० मध्ये अत्यवस्थ रुग्णांची भरती थांबवावी लागली. उपचाराच्या मात्रेने फायदा होण्याची आशा उरली नव्हती. १,०९८ रुग्णांमध्ये आधाराविना दिवसांचा मध्यक (निम्मे रुग्ण ज्याच्या वर आणि निम्मे खाली येतात तो आकडा) उपचाराच्या मात्रेत १ होता, नेहमीच्या मात्रेत ४. रुग्णालयातून जिवंत घरी गेले ६२.७ टक्के विरुद्ध ६४.५ टक्के. मोठा रक्तस्राव ३.८ टक्के विरुद्ध २.३ टक्के. ठरवून दिलेल्या कसोटीनुसार औषध निष्फळ असण्याची शक्यता ९९.९ टक्के निघाली.

एक आकडा मात्र या सगळ्यात वेगळा उठून दिसतो. मोठ्या गुठळ्यांच्या घटना उपचाराच्या मात्रेत ६.४ टक्के होत्या आणि नेहमीच्या मात्रेत १०.४ टक्के. म्हणजे औषधाने त्याचं काम केलं होतं. गुठळ्या खरोखर कमी झाल्या होत्या. माणसं मात्र जास्त वाचली नाहीत.

वॉर्डातल्या २,२१९ रुग्णांचं उत्तर याच्या उलट आलं. तिथे उपचाराच्या मात्रेने आधाराविना घरी जाणाऱ्यांचं प्रमाण ४ टक्क्यांनी वाढलं आणि औषध चांगलं असण्याची शक्यता ९८.६ टक्के निघाली. मोठा रक्तस्राव १.९ टक्के विरुद्ध ०.९ टक्के, म्हणजे त्याची किंमत होतीच, पण फायदा जास्त होता. विषाणू तोच, औषध तेच, मात्राही तीच. फरक फक्त आजाराच्या टप्प्याचा.

असं का व्हावं? हेपॅरिन अँटिथ्रॉम्बिन या शरीरातल्याच प्रथिनाला जोर देतं आणि नवी गुठळी बनण्याची साखळी अडवतं. बनलेली गुठळी ते विरघळवत नाही. विरजण लावलेलं दूध लगेच थंड जागी ठेवलं तर दही लागत नाही, पण लागलेल्या दह्याचं दूध थंडीने परत होत नाही. आयसीयूत पोहोचेपर्यंत फुप्फुसांच्या केशवाहिन्यांमध्ये जे व्हायचं ते बरंचसं होऊन गेलेलं असतं. आणि त्या गुठळ्या दाहातून जन्मलेल्या असतात. दाह धगधगता राहिला तर फक्त गोठणं अडवून फुप्फुस बरं होत नाही. याला दुजोरा देणारी गोष्ट म्हणजे डेक्सामेथासोन. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आणले. दाहावरच्या औषधाने जे साधलं ते रक्त पातळ करून साधलं नाही. उलट सुजलेल्या, फुटक्या केशवाहिन्यांच्या फुप्फुसात मोठ्या मात्रेने रक्त झिरपण्याची भीती असते. हे शेवटचं कारण तर्काला धरून आहे, चाचणीने ते थेट सिद्ध केलेलं नाही, हेही सांगायला हवं.

मधला मार्ग काढता येईल का, हेही लोकांनी तपासलं. इराणमधल्या इन्स्पिरेशन चाचणीत आयसीयूतल्या ५६२ रुग्णांपैकी काहींना किलोला १ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, काहींना नेहमीचे ४० मिलिग्रॅम दिले. गुठळी, एक्मोची (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्राची) गरज किंवा मृत्यू असा एकत्रित परिणाम ४५.७ टक्के विरुद्ध ४४.१ टक्के. फरक नाही. अॅस्पिरिनही रिकव्हरीत जवळपास १५,००० रुग्णांवर पाहिलं गेलं. २८ दिवसांतले मृत्यू दोन्हीकडे १७ टक्के.

आधीच्या तीन चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासावर एक आक्षेप मला रास्त वाटतो. तिथल्या ‘नेहमीच्या मात्रे’च्या गटातले निम्म्याहून थोडे जास्त रुग्ण प्रत्यक्षात मधल्या मात्रेवर होते, कारण काही देशांनी तोवर आयसीयूतली मात्रा आपापल्या सल्ल्यांत वाढवलेली होती. त्यामुळे तुलना सरळ कमीत कमी मात्रेशी झाली असं म्हणता येत नाही. नंतर फ्रान्समध्ये ३३४ रुग्णांवर तिन्ही मात्रा समोरासमोर ठेवल्या गेल्या, तेव्हा वाढवलेल्या प्रतिबंधक मात्रेने गुठळ्या कमी झाल्या, मृत्यू तेवढेच राहिले. पुन्हा तेच. म्हणून निव्वळ गुठळी टाळण्यासाठी मधली मात्रा द्यावी का, यावर तज्ज्ञांमध्ये प्रामाणिक मतभेद आहेत. जीव वाचवण्यासाठी सरसकट पूर्ण मात्रा द्यावी का, यावर फारसे उरलेले नाहीत.

आता हे सगळं एका खाटेपाशी आणून पाहू. समजा, पन्नाशीतला, ८० किलोचा रुग्ण हाय फ्लोवर आहे, कालपासून श्वास वाढलाय, डी-डायमर वरच्या मर्यादेच्या आठपट आहे. पायांना सूज नाही. नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, डी-डायमर एवढा वाढलाय, मग इंजेक्शन का नाही वाढवत?” प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला आकड्यांसकट उत्तर मिळायला हवं. त्याला प्रतिबंधक मात्रा चालू राहील, स्टेरॉइड चालू राहील. रोज प्लेटलेट आणि किडनीचे आकडे पाहिले जातील. किडनी मंदावली तर एनॉक्सापॅरिन शरीरात साठतं, म्हणून तेव्हा साधं हेपॅरिन वापरतात. हेपॅरिन सुरू झाल्यावर साधारण पाच ते दहा दिवसांत प्लेटलेट निम्म्याने घसरल्या, तर हेपॅरिनचीच उलटी प्रतिक्रिया आहे का हे तपासावं लागतं, कारण तीत प्लेटलेट घसरत असतानाच नव्या गुठळ्या होतात.

पण याच रुग्णाचा ऑक्सिजन अचानक, फुप्फुसाच्या फोटोत काही बदल नसताना घसरला, रक्तदाब पडला, किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसू लागला, तर गोष्ट बदलते. तेव्हा पायांची डॉपलर सोनोग्राफी खाटेपाशीच करता येते. हृदयाच्या इकोत उजवा कप्पा ताणलेला दिसतो का ते पाहता येतं. सीटी अँजिओ सर्वांत खात्रीचा, पण हाय फ्लो किंवा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला सीटीच्या खोलीत नेणं हीच एक जोखीम असते. नेता आलं नाही आणि संशय दाट असला, तर पूर्ण मात्रा सुरू करतात. चाचण्यांनी याला कधीच नाही म्हटलेलं नाही. गुठळी झालेल्याला उपचाराची मात्रा द्यायचीच असते. चाचण्यांनी नाकारलं ते एवढंच की आजार जड आहे आणि आकडा मोठा आहे, म्हणून गुठळी सापडलेली नसताना सगळ्यांना पूर्ण मात्रा द्यावी.

याचा एक परिणाम घरच्यांना विचित्र वाटतो. वॉर्डात असताना रुग्णाला पूर्ण मात्रा चालू होती. तब्येत बिघडून तो आयसीयूत गेला आणि गुठळी सापडलेली नसेल, तर तिथे मात्रा कमी केली जाते. आजार वाढला आणि औषध घटलं, हे ऐकून माणसं हबकतात आणि उपचारात हात आखडता घेतला, असा अर्थ काढतात. त्या क्षणी कोणीतरी दोन मिनिटं बसून समजावणं हा उपचाराचाच भाग आहे. घाईच्या लाटेत ती दोन मिनिटं फार कमी जणांना मिळाली.

घरी सोडतानाही गोळ्या सरसकट लागत नाहीत. ब्राझीलमध्ये गुठळीचा धोका जास्त असलेल्या ३२० रुग्णांना घरी गेल्यावर ३५ दिवस रिव्हरॉक्सॅबान ही रक्त पातळ करणारी गोळी, १० मिलिग्रॅम, देऊन पाहिली. गुठळीशी संबंधित घटना ३ टक्के झाल्या, गोळी न घेणाऱ्यांत ९ टक्के. तेव्हा निवडक, जास्त धोक्याच्या रुग्णांसाठी हा विचार डॉक्टर करतात. बाकीच्यांनी पायांवर चालतं राहावं, पाणी पुरेसं प्यावं, आणि एका पोटरीत दुखून सूज आली, अचानक धाप लागली किंवा छातीत श्वासागणिक टोचू लागलं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.